हिरव्या वर्तुळावर वाहन लावू नये

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
४ मे २०२५

विष्णुपंत साहेब,
नमस्कार. पाया पडले असं समजा.

तुमची तीन पत्रं फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवलीत. तिन्ही वाचली. उत्तर आज लिहू, उद्या लिहू करत महिना गेला. आता खरंच सांगून टाकते, मला पत्र लिहायचा भयंकर कंटाळा आहे. शेवटचं पत्र मी नववीत लिहिलं होतं, मुख्याध्यापकांना, सहलीबाबत. दहापैकी तीन मार्क. त्यानंतर डायरेक्ट तुम्ही. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि माईंच्या फोनवर मेसेज टाकला की तो तुमचा मुलगा उन्मेष आधी वाचतो. म्हणून पेन घेऊन बसले. पेन आणायला खाली गेले तर वाण्याकडे एक काकू कैऱ्यांवरून भांडत होत्या, ते ऐकण्यात अर्धा तास गेला. असो.

भोंगा मजेत आहे. परवा गावी, जांभूळला, घरी गेले होते तर आमच्या आजाने परत तीच गोष्ट सांगितली. कंपनीचा भोंगा वाजला की गेटवरचं हे पिल्लू तोंड वर करून त्याच्याहून मोठ्याने रडायचं, म्हणून याचं नाव भोंगा. कंपनी बंद पडली तेव्हा साहेब त्याला पिशवीत घालून घरी घेऊन गेले, आणि मी वॉचमन हरिचंद्र, बघत राहिलो. अकरा वर्षं झाली, दर वेळी नवीन बातमीसारखं सांगतो. मग मला म्हणाला, "काय गो, कुत्र्याची चाकरी कराला लागलीस?" मी म्हटलं, आजा, तू तीस वर्षं गेटची केलीस, गेट तर तुला ओळखत पण नव्हतं.

तुमच्या सूचनापत्रकाचं पान एक पाळते. सकाळी सहाला फेरी, मग डायरेक्ट सूर्य बुडाल्यावर. लादी तापलीय का ते बघायला तुम्ही हाताची मागची बाजू टेकवायला सांगितली होती, मी घाईत चप्पल काढून पाय ठेवला. फोड आला. माझ्या पायाला, भोंगाच्या नाही. पाण्याची तीन भांडी आहेत, एक तो रोज उलटं करतो आणि त्या ओल्या लादीवर झोपतो. स्कूटी बदामाच्या झाडाखाली लावते, सावलीत, म्हणजे सीटसुद्धा तापत नाही.

एक किरकोळ गोष्ट. चेअरमन श्रीपाद काका म्हणाले, कुत्र्याने लिफ्ट वापरायची नाही. अकरा वर्षांचा म्हातारा चार मजले चढेल का? मी म्हटलं, ठीक आहे काका, उद्यापासून तो लिफ्टने येईल, मी जिन्याने. एकाने तरी नियम पाळला पाहिजे ना.

तुमची,
जिज्ञासा


वाकड, पुणे
११ मे २०२५

चि. जिज्ञासा हीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. विषयांतर साठ टक्के, माहिती चाळीस. सुधारणा व्हावी.

स्वतःचा पाय भाजून घेणं ही तपासणी नव्हे. रासायनिक कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर म्हणून तीस वर्षं काढली, एकाही कामगाराला टाकीत बोट घालून बघू दिलं नाही. उन्हात तो जोरजोरात धापा टाकू लागला, तोंडातून लाळ गळू लागली, चालताना लडखडला, तर बर्फाचं पाणी ओतू नकोस. सावलीत ने, पोटाला आणि पंजांना साध्या पाण्याचं ओलं फडकं लाव, पंखा लाव आणि लगेच डॉक्टरांकडे ने. वाट बघू नकोस.

तोंडी सूचना ही सूचना नव्हे, म्हणून सहा पानं लिहून दिली आहेत. तू पान एकचाच उल्लेख केलास. सर्व वाच. नोंदवही रोज भर: पाणी, जेवण, शी, शू, फेरी. दर महिन्याला त्याची प्रत पाठव.

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे मी लेखी विचारून घेतलं आहे. कागद कपाटात, डावीकडच्या खणात आहे. भांडू नकोस. कागद दाखव.

पडून मोडलेलं माझं कमरेचं हाड जुळत आलं आहे. गणपतीला घरी परत येतो.

माई म्हणते, कुत्र्याला दिवाणावर चढू देऊ नकोस. अकरा वर्षांत तिने त्याला हात लावलेला नाही, पण दिवाणाची काळजी आहे.

विष्णुपंत


हेंद्रेपाडा
१३ जुलै २०२५

साहेब,

कागद दाखवला. तरी भांडण झालं. माझा दोष नाही.

खाली पार्किंगमध्ये मीटिंग होती. नोटीस अशी की पाळीव प्राणी पावसाळ्यात रोगराई पसरवतात, पंधरा दिवसांत हलवावेत. 'प्राणी' लिहिलंय, अनेकवचनात, आख्ख्या बिल्डिंगमध्ये आपला एकटा भोंगा. मी त्याची फाइल घेऊन गेले. रेबीजचं इंजेक्शन, उंदराच्या मुतातून होतो त्या लेप्टोचं इंजेक्शन, सगळ्यावर मे महिन्याचा शिक्का. म्हटलं, काका, भोंगाची सगळी इंजेक्शनं झालीत, तुमची दाखवा. लोक हसले. मग मी गच्चीवरच्या टाकीचा फोटो दाखवला. झाकण एप्रिलपासून उघडं, आत डासांची पिल्लं पोहतायत. रोगराई कोण पसरवतं? आता लोक हसले नाहीत.

श्रीपाद काकांचे कान लाल झाले. म्हणाले, "तू कोण गं? चार दिवस राहायला आलेली पोरगी. मालकाला माझ्यासमोर उभं कर, मग बोलू." म्हटलं, करीन. मग घरी येऊन मेंटेनन्सची पावती बघितली, तर त्यावर तुमचं नावच नाही, माईंचं आहे. कुमुदिनी. मला वाटायचं त्यांचं नाव माईच आहे.

बाकी पाऊस पडतोय. फेरीवरून आल्यावर बोटांच्या मधली जागा पुसते, डबक्याला तोंड लावू देत नाही. उल्हासनगरला मी मोबाईलच्या दुकानात होते तेव्हा आमचे सिंधी शेठ प्रत्येक फोन विकताना सांगायचे, "साईं, पानी से बचाना." तेच मी भोंगाला सांगते. तो शेठ फार चांगला होता, मीच टिकले नाही.

झेरॉक्सवाला बंद होता, म्हणून नोंदवहीची पानंच फाडून जोडली आहेत. सगळं ओके.

जिज्ञासा


वाकड
१९ जुलै २०२५

चि. जिज्ञासा,

नोंदवही पाहिली. ६ ते ११ जुलै, जेवणाच्या रकान्यात सहा वेळा 'ओके'. एकच पेन, एकच झुकाव, शाईसुद्धा एकसारखी सुकलेली. सहा दिवसांच्या नोंदी तू एका बैठकीत भरल्या आहेस. बॉयलरवरची माणसं असल्या नोंदी करायची, मी त्या गेटवरून ओळखायचो.

एवढं लांब पत्र लिहिलंस, त्यात तो जेवला असं एकदाही नाही. काय झालं ते लिही. ओरडणार नाही.

माई विचारते, तो जेवत नाही का.

विष्णुपंत


हेंद्रेपाडा
२४ जुलै २०२५

साहेब,

नव्हता जेवत.

सहा तारखेला भाकरी हुंगून तोंड फिरवलं. मला वाटलं नखरे. सात तारखेला पाणीसुद्धा नको. अंग तापलेलं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. माझ्याकडे तापाची गोळी होती, माझीच. अर्धी मोडून हातात घेतली होती. मग पान तीन आठवलं, तुम्ही लाल शाईने लिहिलंय, माणसाची तापाची गोळी कुत्र्याला विष आहे. गोळी बेसिनमध्ये टाकली आणि हात दोनदा धुतले.

रिक्षावाले घेईनात. एक म्हणाला, "सीट ओली होईल." पाऊस असा की आतून-बाहेरून त्याची सगळी रिक्षाच ओली. मग स्कूटीवर पुढे पाय ठेवायच्या जागेत त्याला बसवला, रेनकोट त्याला घातला आणि अंबरनाथ गाठलं. डॉ. चैत्राली यांनी कान उलटा केला. आत गोचीड. चार. पायाच्या बोटांत आणखी दोन. मी रोज बोटं पुसत होते आणि कान बघितलाच नव्हता. गोचीड ताप. सलाईन, इंजेक्शन आणि अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या. त्या म्हणाल्या, आणखी दोन दिवस थांबली असतीस तर मला काही करता आलं नसतं.

बारा तारखेला सकाळी त्याने माझ्या हातची खिचडी खाल्ली आणि मग माझा हात चाटत बसला. त्या आनंदात बसून मी सहा ओके लिहिले.

का लपवलं ते पण सांगते. बारावी दोनदा नापास झाले. जीन्सच्या कारखान्यात दीड महिना, मोबाईलच्या दुकानात दोन, लग्नाच्या शूटिंगवाल्याबरोबर अर्धा सीझन. कुठेच दोन महिन्यांच्या वर टिकले नाही. इथे चार झाले. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही दुसरं कुणी ठेवलं असतं. ठेवायचं असेल तर ठेवा, पण सांगून ठेवते, भोंगा माझ्यासोबत येईल. चोरून नेईन.

तो रोज कान दाखवतो आता. स्वतःहून.

जिज्ञासा

ता. क. दिवाणावर झोपतो. आजारी होता म्हणून. आता बरा आहे तरी झोपतो. माईंना सांगू नका.


वाकड
३० जुलै २०२५

चि. जिज्ञासा,

गोळी टाकून दिलीस तिथेच तू परीक्षेत पास झालीस. दुसरं कुणी ठेवण्याचा प्रश्न नाही. कानाच्या तपासणीचा रकाना वहीत वाढव.

गणपतीत प्रसादाचा मोदक देऊ नकोस, त्यात मनुका-बेदाणे असतात. चॉकलेटचा तर मुळीच नको. दोन्ही त्याला घातक.

दिवाणाचं माईला सांगितलं नाही. तिने पत्र वाचलं. म्हणाली, खिचडीत कांदा-लसूण घालत नाही ना ती? कुत्र्याला चालत नाही म्हणे. हे हिला कुठून कळलं, मी विचारलं नाही.

विष्णुपंत


वाकड
२१ सप्टेंबर २०२५

चि. जिज्ञासा,

गणपतीला येतो म्हणालो होतो. आलो नाही. तुझी दोन पत्रं आली, त्यांनाही उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा काही ठरलेलं नव्हतं. आता ठरलं आहे.

हाड नीट जुळलेलं नाही. वॉकरशिवाय चालता येत नाही, आणि आम्ही दोघांनीच राहणं आता शक्य नाही, असं डॉक्टरांचं आणि उन्मेषचं मत आहे. उन्मेषने बदलापूरच्या फ्लॅटला गिऱ्हाईक आणलं आहे. फ्लॅट माईच्या नावावर असल्यामुळे तिची सही लागेल. ती देईल.

इथे उन्मेषकडे कुत्रा ठेवता येणार नाही, पण भोंगाची सोय झाली आहे. यज्ञेश म्हणून उन्मेषचा मित्र आहे, मुरबाडकडे त्याचं फार्महाऊस आहे. भाऊबीजेच्या दिवशी तो गाडी घेऊन येईल. फाइल, गोळ्या, नोंदवही आणि पट्टा त्याच्या ताब्यात द्यावास.

ही लेखी सूचना आहे. तू उत्तम काम केलंस.

विष्णुपंत


हेंद्रेपाडा
२७ सप्टेंबर २०२५

साहेब,

नाही देणार.

लेखी हवं तुम्हाला, म्हणून लेखी देते. नाही देणार. खाली सही करते.

तुम्हाला फार्महाऊस माहीत नाही, मला माहीत आहे. लग्नाच्या शूटिंगसाठी तिकडच्याच एका फार्महाऊसवर तीन आठवडे राहिले होते. शनिवार-रविवार पाहुणे येतात, कुत्र्याबरोबर फोटो काढतात, बिस्किटं टाकतात. सोमवारी पाहुणे गेले की साखळी. शुक्रवारपर्यंत. तिथल्या कुत्रीच्या गळ्यात साखळीचा व्रण होता आणि कानात मटारच्या दाण्याएवढे गोचीड. मी मॅनेजरला बोलले तर म्हणाला, "जनावर है, रहता है." त्याच दिवशी मी तिथून निघाले. नुसती निघाले, साहेब. तिला सोडवली नाही. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

यज्ञेश वाईट माणूस असेल असं नाही. पण भोंगाचे कान कोण बघणार सोमवारी?

आणि तुम्ही. आख्ख्या पत्रात 'मत आहे', 'ठरलं आहे', 'सोय झाली आहे'. कुणाचं मत? कुणी ठरवलं? तीस वर्षं तुम्ही मोठमोठ्या साहेबांना तोंडावर सांगायचात की हा वॉल्व्ह बदलल्याशिवाय मी प्लांट चालू करू देणार नाही. आजा सांगतो हे, गावभर सांगतो. घरात मुलापुढे तुमचा आवाज का बसला? चालता येत नाही म्हणून बोलता पण येत नाही?

जास्त बोलले असेन तर बोलले. खोडणार नाही.

जिज्ञासा


वाकड
११ ऑक्टोबर २०२५

चि. जिज्ञासा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. सूचना मागे घेण्याचा अधिकार आता माझ्याकडे राहिलेला नाही.

दिवाळी आली. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असू दे, खिडक्या बंद, पंखा मोठा. फटाके सुरू व्हायच्या आत फेरी उरकून घे. पान पाच वाच.

तुझं जुलैचं ते मीटिंगचं पत्र माईने माझ्याकडून मागून घेतलं आहे. परत दिलेलं नाही.

विष्णुपंत


हेंद्रेपाडा
२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

साहेब,

आधी सांगते, भोंगा सुखरूप आहे. आता बाकीचं वाचा.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेपाचला मी दारात रांगोळी काढत होते. रांगोळी मला येत नाही, पण समोरच्या कीर्तीवहिनींनी टोमणा मारला, "बॅचलर लोकांची कसली दिवाळी," म्हणून हट्टाने बसले. दार उघडं. तेवढ्यात खाली कुणीतरी दहा हजारांची माळ लावली. भोंगा माझ्या रांगोळीतून गेला. चारही पावलं उठली आणि तो जिन्याने खाली. चार मजले, हा म्हातारा, मला दिसला पण नाही.

कंपाउंडभर हाका मारल्या. नाही. स्कूटी काढली. हेंद्रेपाड्याच्या सगळ्या गल्ल्या, नदीपर्यंत, परत स्टेशन, परत नदी. उटणं लावलेली माणसं दारात उभी, मी नाईट ड्रेसवर, हाताला गुलाबी रंग, "कुत्रा बघितला का, तपकिरी, म्हातारा, डावा कान वाकडा?" एक आजी म्हणाली, फराळ करून जा. मी गाडीवरच रडले. आणि डोक्यात सारखी ती फार्महाऊसची कुत्री.

दहा वाजता परत आले. म्हटलं, निदान फोटो छापून घेऊ. गेटमधून आत वळले, बदामाच्या झाडाखाली गाडी लावायला. आणि तिथे भोंगा बसलेला. माझ्या गाडीच्या जागेवर. बरोबर मधोमध. सरळ, शाळेतल्या मुलासारखा. थरथरत होता, पण हलत नव्हता. त्याच्याखाली सिमेंटवर एक गोल, हिरवा रंग, जवळजवळ उडालेला. मला इतके दिवस वाटायचं कुणाच्या तरी जुन्या रांगोळीचा डाग.

गाडी आडवी टाकली, नावाने हाक मारली. उठला, आला.

मग वर जाऊन पान पाच काढलं. पहिल्यांदा. सात महिन्यांत पहिल्यांदा, साहेब. 'मोठा आवाज झाल्यास भोंगा बदामाच्या झाडाखालच्या हिरव्या वर्तुळावर जाऊन बसेल, आणि नाव घेऊन हाक मारेपर्यंत उठणार नाही. कंपनीत सायरन झाला की सगळे कामगार अशाच वर्तुळावर जमत. पिल्लू असल्यापासून त्याच्याकडून तसा सराव करून घेतला आहे. म्हणून हिरव्या वर्तुळावर वाहन लावू नये.'

म्हणजे तो बरोबर जागेवर गेला होता. तिथे माझी स्कूटी उभी. सुरक्षित जागा मीच अडवून ठेवलेली. तो बिचारा कुठेतरी फिरला असेल, मी त्याला शोधायला गाडी काढली, जागा रिकामी झाली, तो येऊन बसला. मी नदीवर बोंबलत होते तेव्हा तो तुमची सूचना पाळत होता. आख्ख्या घरात एकटा तोच तुमची सगळी पानं पाळतो.

श्रीपाद काका गच्चीवरून उतरत होते. बनियनवर, धापा टाकत. म्हणाले, "मिळाला ना? मी वरच्या दोन्ही टाक्यांमागे बघून आलो." मग त्यांना आठवलं आपण कोण ते. म्हणाले, "पण जुलैची असली तरी नोटीस ती नोटीस. पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत मालक माझ्यासमोर उभा पाहिजे, नाहीतर कुत्रा बाहेर."

काल डबा आणून वर्तुळ परत रंगवलं. हिरवं गडद. कुणी विचारलं तर सांगते, विष्णुपंत साहेबांची जागा आहे.

आता पुढचं. आज पाडवा, काका संध्याकाळी येणार. उद्या भाऊबीज, यज्ञेश गाडी घेऊन येणार. मी दोघांनाही दार उघडणार नाही. आठ दिवसांचं खाणं भरलंय, त्याचं आणि माझं. आजाला निरोप धाडलाय, तो म्हणाला, "मी गेटवर बसतो, तीस वर्षं बसलोय." खरंच येऊन बसलाय खाली, प्लास्टिकची खुर्ची टाकून. तुमची सूचना मी मोडतेय हे मला माहीत आहे. पण पान पाच तुमच्याच अक्षरात आहे, आणि भोंगाचा त्यावर विश्वास आहे. मला नवीन पत्रापेक्षा तुमची ती जुनी पानं खरी वाटतात.

थांबा. बेल वाजली. चारच वाजलेत, काका लवकर आले. नाही उघडणार.

परत वाजली. खालून आजा ओरडतोय, "उघड गो, उघड!" भोंगा दाराशी जाऊन शेपटी आपटतोय. श्रीपाद काकांसाठी तो शेपटी हलवत नाही.

साहेब, घाबरू नका, आणि उन्मेषदादांना पोलिसांत जाऊ देऊ नका. माई आल्यात. एकट्या. पुण्याहून कल्याणपर्यंत बसने आणि तिथून रिक्षाने. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात माझं जुलैचं पत्र, घडी घालून घालून मऊ झालेलं. मी विचारलं, साहेबांना सांगून आलात? म्हणाल्या, "सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही."

जिन्यात श्रीपाद काका उभे होते. माई त्यांना म्हणाल्या, "मालक हवा होता ना? मी कुमुदिनी. सही मी कशावरच केलेली नाही." मग आत आल्या, दिवाणाकडे बघितलं, भोंगाकडे बघितलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा खाली वाकून त्याचा कान उलटा करून बघितला.